अंडी खाणाऱ्याला विष कशाला?

नमस्कार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याला मी माझ्या लिखाणात गरीब गाय करून टाकलं, पण २०२४मध्ये अमेरिकेत त्याच्या चाव्याने माणूस दगावला, मधुमेहाचं औषध कारखान्यात बनतं, मग श्रेय सरड्याला का, आणि असले प्राणी जपायचेच कशाला?

मृत्यू झाला, हे खरंच आहे. पण कोलोरॅडोतल्या त्या माणसाने हा प्राणी घरात पाळला होता. अमेरिकेतल्या ॲरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटात तो वर्षाचा नव्वद टक्क्यांहून जास्त काळ बिळात असतो. बहुतेक चावे त्याला हाताळणाऱ्यांनाच बसतात.

गरीब मात्र तो नाहीच. त्याला सापासारखे पोकळ दात नसतात. विषग्रंथी खालच्या जबड्यात, दातांना नुसत्या खाचा. विष लाळेबरोबर झिरपत जखमेत उतरतं, म्हणून तो एकदा धरलं की सोडत नाही, चावतच राहतो. वेदना भयंकर होतात, रक्तदाब कोसळतो, आणि प्रतिविष उपलब्ध नाही. आता गंमत बघा, याचं खाणं काय, तर पक्ष्यांची अंडी आणि सशाची नुकती जन्मलेली पिल्लं. अंडं मारायला विष लागत नाही! जो धड पळू शकत नाही, त्याला अंगावर येणाऱ्या कोयोटीला (कोल्ह्यासारख्या शिकारी प्राण्याला) पुन्हा वाटेला न येण्याइतकी अद्दल घडवावी लागते. हे विष शिकारीपेक्षा बचावासाठी आहे, हे मला तरी पटतं. अंगावरचे काळे-नारिंगी पट्टेही तीच धमकी देतात.

औषधाचं म्हणाल, तर त्यासाठी कोणी सरडे पिळत नाही, हे कबूल. पण कोणता रेणू बनवायचा हे कळलं या विषातूनच. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये संशोधक जॉन एंग यांनी १९९२मध्ये त्यातलं एक्सेंडिन-४ हे रसायन जगापुढे मांडलं. आपल्या शरीरातलं जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं संप्रेरक दोन-तीन मिनिटांत मोडतं. एक्सेंडिन-४ त्याच्यासारखंच काम करतं, पण तासन्‌तास टिकतं. त्याची कृत्रिम प्रत, एक्सेनाटाइड, मधुमेहाचं औषध म्हणून २००५मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तुमचा आक्षेप खरा लागू पडतो तो ‘ओझेम्पिक म्हणजे सरड्याची थुंकी’ या व्हॉट्सॲपी ज्ञानाला. ओझेम्पिक या मधुमेहाच्या औषधातलं सेमाग्लुटाइड माणसाच्याच जीएलपी-१मध्ये फेरफार करून बनवलेलं आहे.

राहिला जपण्याचा प्रश्न. ॲरिझोनाने या प्राण्याला कायद्याचं संरक्षण दिलं १९५२मध्ये, एंग यांच्या शोधाच्या चाळीस वर्षं आधी. तेव्हा त्याच्याकडून औषधाची आशा कुणालाच नव्हती.