दुसरा रकाना

आमच्या घरचं इंटरनेट सरळ बंद पडत नाही. सरळ बंद पडलं तर माणूस निमूटपणे झोपेल तरी. ते रुसतं. राउटरचे दिवे हिरवेगार, वायफायच्या रेघा पूर्ण, व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभातांचा पूर चालू; फक्त एकही वेबसाइट उघडत नाही. चाक फिरतं, फिरतं आणि शेवटी कळतं की साइट सापडत नाही. जणू मीच ती कुठेतरी ठेवून विसरलोय.

ग्राहक सेवेला फोन लावला. तिकडच्या अतिनम्र आवाजाने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. पुन्हा सांगितलं, पुन्हा केला. तिसऱ्यांदा मी खुर्चीतून न उठताच "केला" म्हणालो, तर तिकडून, "आता फरक पडला असेल ना, सर?"

मग भाच्याला गाठलं.

"मामा, ती काळी खिडकी उघडा आणि आठ आठ आठ आठला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा." केलं. उत्तरं धडाधड आली. "आता कुठल्याही साइटचं नाव टाकून करा." काही नाही. "बघा, रस्ता ठीक आहे. पत्ता सांगणारा झोपलाय. डीएनएस बदला."

यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव लिहिलं की डीएनएस सर्व्हर त्याचा आकडा शोधून आणतो. त्याला तो आधीपासून ठाऊक नसेल तर तो थेट मुळाशी जातो. तिथे ए ते एम अशा १३ नावांचे रूट सर्व्हर बसलेत. ते म्हणतात, आमच्याकडे नाही, डॉट कॉमच्या टेबलावर विचारा. डॉट कॉम म्हणतं, त्या अमक्या टेबलावर जा. कचेरीत या फेऱ्यात चपला झिजतात. इथे डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. आमचा सर्व्हर मात्र पहिल्याच टेबलापाशी घोरत होता.

बदलायचं कुठे, तर राउटरच्या आत. आत जायचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या चिठ्ठीवर. राउटर कपाटाच्या माथ्यावर. मी स्टुलावर, एका हातावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात राउटर उताणा, तोंडात टॉर्च, फोन स्पीकरवर. बायको खालून म्हणाली, "अहो, पडाल." यावरही उत्तर देता आलं नाही.

डीएनएसच्या पत्त्यांचे दोन रकाने होते. पहिल्यात ८.८.८.८, हे गूगलचं, २००९ पासून चालू असलेलं; विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. दुसऱ्याचा पत्ता भाच्याने भरभर सांगितला. तोंडात टॉर्च असल्याने 'पुन्हा सांग' म्हणायची सोय नव्हती. आठ आणि चार होते एवढं नक्की. तालात बसवून भरले आणि सेव्ह दाबलं. राउटर पुन्हा चालू झाला आणि साइट उघडली! मी स्टुलावरून उतरलो तो तज्ज्ञ होऊनच.

पुढचे काही दिवस मी असह्य झालो होतो, असं घरच्यांचं मत आहे. जेवताना मी सांगे, पूर्वी सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत, ती अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. यंत्रं वाढली, यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं. कुणी विचारलेलं नसे. नातेवाइकांचा व्हिडिओ अडकला, डीएनएस बदला. प्रिंटर चालेना, डीएनएस बदला. गूगल नको असेल तर क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ घ्या; ते २०१८ मध्ये १ एप्रिलला सुरू झालं, पण थट्टा नव्हती. डीएनएस बदलल्याने पत्ता लवकर सापडू शकतो, नळाची धार वाढत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. पण तज्ज्ञाने अशा बारकाव्यांत शिरू नये.

आणि मग नेट पुन्हा रुसलं, नव्या तऱ्हेने. एक पान झटकन उघडे, दुसरं चार-पाच सेकंद विचारात पडे, मग तेही उघडे. डीएनएसचा तर प्रश्नच नव्हता, ते मी स्वतः बदललं होतं. पंधरा दिवसांत मी सहा तक्रारी नोंदवल्या. सहाव्या वेळी 'बेजबाबदारपणा' हा शब्दही वापरला.

रविवारी भाचा आला. स्टुलाशिवाय, मोबाइलवरूनच राउटरमध्ये शिरला आणि हसायला लागला.

"मामा, हे ८.४.४.८ काय आहे?"

"तूच सांगितलंस."

"मी ८.८.४.४ सांगितलं होतं. तुमचा राउटर दोघांना आळीपाळीने विचारतो. पहिला लगेच उत्तर देतो. दुसऱ्या दाराशी कुणीच नाही, तिथे तो बिचारा वाट बघत उभा राहतो आणि कंटाळून परत पहिल्याकडे येतो."

दोन आकड्यांची अदलाबदल केली. पानं सटासट उघडली. बायको काही बोलली नाही. तिने फक्त स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

तासाभराने ग्राहक सेवेचा फोन. "सर, तुमची तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे. आता कसं चाललंय?"

"चालतंय."

"काय अडचण होती, कळलं का सर?"

"काही तांत्रिक कारण होतं," मी म्हणालो. "आपोआप गेलं."

पाचपैकी गुण विचारले, तेव्हा पाच दिले.