पिकअपला रंग लावला म्हणून गिटारचा आवाज बसत नाही

चवथीच्या आधीच्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चौघांकडून आला. एक म्हापशाहून, एक साखळीहून आणि दोन आमच्याच फोंड्यातून. मजकूर थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपच्या, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, आवाज उचलणाऱ्या भागाच्या, रूपाशी घरी खेळू नका. रंग लावला की आवाज बसतो. धातूचं कव्हर चढवलं की आवाजातली धार जाते, असलेलं उतरवलं की गिटार घोंघावते. सोल्डरिंगचा चटका लागला की मॅग्नेट मरतो. आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत उघडा पिकअप दोन पावसाळे काढत नाही. खाली जोडलेले हात आणि ‘सर्व गिटारवाल्यांना पाठवा’.

मी काही पाठवला नाही. पण वाड्यावरचा एक पोरगा आपल्या गिटारच्या पांढऱ्या कव्हरांना काळा रंग द्यायला निघाला होता, तो हे वाचून थबकला आणि पिकगार्डचे (गिटारच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) स्क्रू वाटीत घेऊनच माझ्या दारात उभा राहिला. ‘दादा, खरंच आवाज बसेल काय?’ फॉरवर्ड निखालस खोटा असता तर एका शब्दात उत्तर देऊन त्याला परत पाठवला असता. पण त्यात थोडं खरं आहे, आणि तेच नको त्या जागी चिकटवलेलं आहे.

आधी रंग. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि खालच्या गुंडाळीत वीज उमटते. या सगळ्या व्यवहारात प्लास्टिक काळं आहे की पांढरं, हे विचारायला कोणी येत नाही. गिब्सन कंपनीत सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर नावाचा पिकअप तयार केला; त्यात दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी. १९५९-६० च्या सुमारास काळ्या बॉबिनांचा (तार गुंडाळायच्या प्लास्टिकच्या रिळांचा) तुटवडा पडला तेव्हा कारखान्यात क्रीम रंगाच्या बॉबिना वापरल्या गेल्या. कुठे दोन्ही क्रीम, कुठे एक काळी एक क्रीम. वर धातूचं झाकण असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. साठच्या दशकात वादकांनी झाकणं उतरवायला सुरुवात केली तेव्हा आतून झेब्रा निघाला, आणि आज लोक तसा रंग मुद्दाम मागवतात. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे अमेरिकेत दोन्ही बॉबिना क्रीम असलेल्या हंबकरच्या रूपाचा ट्रेडमार्क डिमार्झिओ या कंपनीकडे आहे. वस्तूच्या कामात ज्याचा हात असतो त्यावर ट्रेडमार्क मिळत नाही. फक्त ओळख म्हणून असलेल्या रूपावर मिळतो. म्हणजे हा रंग आवाजाचं काम करत नाही, हे कायद्यालाही मान्य आहे.

रंग नव्हे, पण रंगाबरोबर येणारं एक द्रव्य मात्र घात करतं, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. जुना रंग पुसायला घ्याल त्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीत बहुधा ॲसिटोन असतं. बहुतेक कव्हरं एबीएस प्लास्टिकची असतात, आणि ॲसिटोन ते विरघळवतं. कव्हर पिकअपवरच ठेवून पुसायला गेलात तर ओघळ आत तारेपर्यंत जाणार, तिथे तारेवर इनॅमलचा पातळ मुलामा एवढंच काय ते संरक्षण. तेव्हा कव्हर आधी काढा, वेगळं धुवा, बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवा, स्प्रेचे पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका. आमच्याकडे श्रावणात ‘पूर्ण वाळणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. मी तर तांदळाच्या रिकाम्या डब्यात साठ वॅटचा बल्ब सोडून त्याच्या उबेला कव्हरं टांगतो. चवथीला गणपतीवर फळंपानं टांगतात ती माटोळी, म्हणून घरात त्याला ‘गिटारची माटोळी’ म्हणतात.

आता धातूचं कव्हर. इथे फॉरवर्डचं बोट बरोबर जागेच्या जवळ पोचलंय. बदलत्या चुंबकक्षेत्रात धातूचा पत्रा आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, ते आवाजातली वरची धार थोडी खातात. पण किती खातात, हे धातूवर ठरतं. चांगल्या हंबकरवरचं कव्हर जर्मन सिल्व्हरचं असतं. आपल्याकडे दागिन्यांमुळे सर्वांना माहीत असलेलं तेच. त्यात चांदी नाही. तांबं, निकेल आणि जस्त. हा मिश्रधातू वीज बऱ्याच अनिच्छेनं वाहतो, म्हणून भोवरेही दुबळे. पितळ त्याच्या चारपाच पट जास्त वाहतं. तेव्हा जर्मन सिल्व्हरच्या कव्हरनं होणारा फरक ऐकायला शांत खोली आणि शांत मन लागतं, पितळेचा मात्र नाटकाच्या मंडपात शेवटच्या खुर्चीवरच्यालाही कळेल.

हे मी पैसे मोजून शिकलोय. सोनेरी कव्हरांची एक जोडी स्वस्तात मागवली, रुबाब असा की डिचोलीच्या कासारानं घासूनपुसून दिलेली समई. तारा चढवल्या, वाजवलं, तर ॲम्पवर कोणी गोधडी टाकल्यासारखं. कव्हर उलटं करून आतल्या बाजूला सुईनं ओरखडा काढला. मुलाम्याखाली पिवळं. जर्मन सिल्व्हर असतं तर ओरखडा पांढुरका दिसला असता. विकत घेताना हीच परीक्षा करा, आतून, दिसणार नाही अशा कोपऱ्यात. आणि कव्हरला चुंबक कचकन चिकटलं तर ते पोलाद आहे, तिथल्या तिथे परत करा. प्लास्टिकचा प्रश्नच येत नाही. १९५४ पासून फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार प्लास्टिकचीच कव्हरं मिरवतेय. फणसाच्या लाकडाची चौकट बसवलीत तरी आवाजाला पत्ता लागायचा नाही, फक्त पिकअप आणि तारांमधलं अंतर पूर्वीइतकंच ठेवा.

‘कव्हर उतरवलं की घोंघावते.’ कुठली घोंघावते? घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण हंबकर मारतो तो त्याच्या दोन उलट्या गुंडाळ्यांमुळे. कव्हर काढलं तरी गुंडाळ्या तिथेच असतात. धातूचं, अर्थिंग केलेलं कव्हर अडवतं ती दुसरी गोष्ट, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा खोका) आणि जनरेटरची चरचर. जत्रेच्या नाटकात रंगमंचाच्या कडेला डिमरचा खोका आणि मागे जनरेटर, अशा जागी उघडा हंबकर थोडी जास्त चरचर उचलेल, कबूल. सिंगल कॉइलवरचं, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपवरचं, प्लास्टिकचं कव्हर मात्र काहीच अडवत नाही. ते काढलं काय, ठेवलं काय, गुणगुण तेवढीच.

खरी अडचण उलट दिशेची आहे. कव्हर परत चढवताना आत पोकळी राहिली तर पत्रा थरथरतो आणि आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारतो. त्यासाठी पिकअप मेणात बुडवायचा. मेणबत्तीचं मेण आणि थोडं मधमाशांचं, उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवलेल्या डब्यात वितळवून ६०-६५ अंशांवर राखायचं, थर्मामीटर लावून. थेट आचेवर कधीच नाही. मेण पेटतं, आणि जास्त तापलं तर बॉबिनचं प्लास्टिक मऊ पडतं.

सोल्डरचा चटका आणि मॅग्नेट हा तर सरळ गैरसमज. अल्निको या मिश्रधातूच्या मॅग्नेटचं चुंबकत्व उष्णतेनं जायला ८०० अंशांच्या आसपास जावं लागतं, सिरॅमिक मॅग्नेटला ४५० च्या. सोल्डरिंग आयर्नचं टोक असतं ३५० ते ४०० अंश, आणि ते टेकतं कव्हरच्या कडेला. चटक्यानं जळतं ते बॉबिनचं प्लास्टिक आणि तारेवरची टेप, म्हणून जाड टोकाचा आयर्न घेऊन दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं. चुंबकाला खरी भीती दुसऱ्या चुंबकाची. उतरवलेला पिकअप स्पीकरच्या पाठीवर ठेवून चहा प्यायला जाऊ नका.

कव्हर उघडलं की वॉरंटी जाऊ शकते, हे खरं. जुन्या, किमती गिटारच्या कव्हरचं मूळ सोल्डर मोडलं तर विकताना भाव पडतो, हेही खरं. पण त्या पोराच्या गिटारला दोन्ही लागू नव्हतं.

खारी हवा? अल्निकोत लोखंड असतं, ते गंजतं. मिरामारच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांचं आधी. पण प्लास्टिकच्या कव्हरला सहा भोकं असतात, त्यातून हवा आणि घाम आत जातातच, वर वाळायला जागा नसते. उघडा पोल (प्रत्येक तारेखालचा चुंबकाचा खुंट) निदान पुसता तरी येतो.

इतकं भेडसावून फॉरवर्ड जिथे गप्प बसला ती जागा म्हणजे हातातला स्क्रूड्रायव्हर. माझ्या जुन्या गिटारच्या नेक पिकअपचं (मानेजवळच्या पिकअपचं) कव्हर काढलं होतं, कडेला स्टीलच्या घासणीचे दोन तंतू चिकटलेले दिसले. (ती घासणी पिकअपजवळ आणूच नये. तंतू चुंबकाला असे बसतात की वर्षभर निघत नाहीत.) ते टोकानं उचलायला गेलो. पोलच्या जवळ जाताच चुंबकानं स्क्रूड्रायव्हर ओढला, हात सटकला, गुंडाळीवर एक बारीक रेघ उमटली. बस्स. ही तार ०.०६३ मिलिमीटरची असते, केसाएवढी, आणि एका सिंगल कॉइलवर तिचे आठेक हजार वेढे. मल्टिमीटर सकाळी ६.२ किलोओम दाखवत होता. आता पडद्याच्या डाव्या कडेला एकटा १, म्हणजे तार तुटली. बाजारातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नेला. त्यानं तो उजेडात धरला, हसला आणि म्हणाला, ‘एवढी बारीक तार माझ्या आज्यानंही गुंडाळली नसेल.’

म्हणून पोराला पहिलं काम दिलं ते मल्टिमीटर लावायचं. तिन्ही पिकअपचे आकडे वहीत लिहून घेतले, गुंडाळ्यांवर मास्किंग टेपचा एक वेढा दिला, मग कव्हरं सोडवली. जुन्यांपैकी एकाला भोकापाशी तडा निघाला, तेव्हा रंगाचा बेत रद्द करून सरळ काळी कव्हरं मागवली. आकडे आधी आणि नंतर तेच. फक्त त्यानं तिन्ही ५२ मिलिमीटरची मागवली, आणि त्याच्या नेक पिकअपच्या पहिल्या पोलपासून सहाव्यापर्यंतचं अंतर निघालं ५०. कव्हर बसेना. दोन काळी, एक पांढरं अशी त्याची गिटार यंदाच्या चवथीत आरतीला वाजली.