पादायची हिंमत

शी जमा होणारी पोटावरची पिशवी काढून आतडं परत जोडतात त्या ऑपरेशननंतर वॉर्डात सगळ्यांना एकाच गोष्टीची उत्सुकता असते, ती म्हणजे पेशंटला गॅस पास झाला का. सर्जन सकाळी येऊन विचारतात, नर्स दुपारी विचारतात, संध्याकाळी ज्युनिअर डॉक्टर वहीत लिहायला येतात. एवढ्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी माझ्या पादण्याची अशी वाट आयुष्यात कधी पाहिली नव्हती. आणि ते झालं तेव्हा जो आनंदीआनंद झाला तो बघून मला खरंच वाटलं की आपण काहीतरी करून दाखवलं बुवा.

घरी आलो आणि लक्षात आलं की आता तेच करायची हिंमत होत नाही.

कारण काय, तर भरवसा नाही. गॅस म्हणून सोडावं आणि सोबत भलतंच काही यावं. फार नाही हो, चमचाभर, कधी नुसता डाग, पण चमचाभर शी चड्डीत आहे हे माहीत असताना समोरच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून बघा मग कळेल.

यातली गंमत अशी की गुदद्वाराच्या आतली त्वचा भयंकर हुशार असते. वरून काहीतरी आलं की आतला स्नायू क्षणभर सैल होतो, त्वचा नमुना तपासते आणि वर कळवते की गॅस आहे, पातळ आहे की घट्ट आहे. डॉक्टर याला सॅम्पलिंग म्हणतात. आपण जन्मभर हे करतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. आता इतके महिने सगळा माल पोटावरूनच बाहेर जात होता, खालच्या डिपार्टमेंटला थोडी शेंब सोडली तर काहीच काम नव्हतं, आणि लांब रजेवरून परत आलेल्या माणसाला पासवर्ड आठवू नये तसं त्याचं झालंय. नमुना येतो, तपासणी होते आणि रिपोर्ट येतो, बहुतेक गॅस असावा. बहुतेक!! या बहुतेकवर माझ्या किती चड्ड्या गेल्या ते विचारू नका.

त्यात माल पातळ. एरवी मोठ्या आतड्यात रोज साधारण 1 ते 1.5 लिटर पाणी येतं आणि त्यातलं जेमतेम 100-200 मिली शीतून बाहेर जातं, बाकी सगळं आतडं शोषून घेतं. माझ्या आतड्याचा एक तुकडा कापून गेलाय, उरलेलं अजून कामाला लागतंय, त्यामुळे हिशोब जमेना. घट्ट असतं तर बाहेरच्या स्नायूने धरून ठेवलं असतं, पातळाला काय धरणार. शिवाय पोटात घास गेला की मोठं आतडं हलायला लागतं, हे सगळ्यांचंच होतं म्हणा, पण माझं दुसऱ्या घासालाच. जेवायला बसताना मी आधी संडासाचं दार उघडं आहे ना ते बघतो. डॉक्टरांनी लोपेरामाईड ही जुलाब थांबवायची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितलंय आणि ईसबगोल थोड्याच पाण्यात, त्याने जरा घट्टपणा येतो. कॉफी बंद, तिखट बंद, शुगरफ्री गोळ्याही बंद कारण त्यातल्या सॉर्बिटॉलने पोट सुटतं.

पॅडचा विषय बायकोने हातात घेतला. मी पहिल्या दिवशी बाथरूममधून अवघडत बाहेर आलो, तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "अहो, चिकटायची बाजू खाली असते." केस उपटले गेले ते गेलेच, वर पुढचा अर्धा तास ती पलंगावर लोळून हसत होती. मग डोळे पुसून नीट समजावलं, विंग्ज कुठून दुमडायचे, बाहेर जाताना जादाचा कुठल्या खिशात ठेवायचा, फिक्या रंगाची पँट का घालायची नाही. मला बोलायला तोंडच नव्हतं, तिने हे सगळं वर्षानुवर्षं केलंय आणि वर ऑफिसलाही गेलीय.

कातडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पुसून पुसून आग होते आणि वासाचे वेट वाईप्स तर अक्षरशः नाचवतात. कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं आणि वर झिंक ऑक्साईडचं मलम. रक्त, ताप, किंवा पोट फुगून उलट्या आणि गॅसही बंद, असं काही झालं तर मात्र विनोद बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

राहिला खालचे स्नायू बळकट करायचा व्यायाम. आर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरने 1948 साली बाळंतपण झालेल्या बायकांसाठी तो छापून आणला, आता आमच्यासारखेही करतात. गॅस रोखताना आवळतो तसं आवळायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, श्वास चालू ठेवायचा, मांड्या आणि ढुंगण घट्ट करायचं नाही. कुठेही बसून करता येतो आणि कुणाला कळत नाही असं फिजिओबाई म्हणाल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला नव्हता. आवळलं की माझ्या भुवया वर जातात, ओठ मिटतात आणि नजर समोर कुठेतरी रोखली जाते. परवा मीटिंगमध्ये साहेब नवीन कामाची तारीख सांगत होते आणि मी आपला आवळून बसलो होतो, ते बोलता बोलता थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, तुम्हाला घाई वाटत असेल तर अजून पंधरा दिवस घ्या."

सगळी टीम खूश आहे. पुढच्या मीटिंगला मला मुद्दाम साहेबांच्या समोरची खुर्ची दिलीय.