सायकलच्या डिस्क ब्रेकवर तेल मारायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘डिस्क ब्रेकची सायकल घेताय? आधी हे सात मुद्दे वाचा, नाहीतर पस्तावाल!’ हा मेसेज महिन्याभरात माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, रविवारी यवतेश्वरला जाणाऱ्यांचा ग्रुप. तीनदा वाचून सोडून दिला. चौथ्यांदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी टाकला, आणि नुसता टाकला नाही, त्यातला एक उपाय करूनही पाहिला. म्हणून आता गप्प बसवत नाही.

माझ्या भाचीनं मे महिन्यात रोड बाइक घेतली. वाकड्या हँडलची, 28 मिलिमीटरचे टायर, पुढे-मागे हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्याला बसवलेली धातूची चकती ऑईलच्या दाबानं धरणारा ब्रेक. साताऱ्यात समर्थ मंदिराजवळच्या घरून एमआयडीसीतल्या ऑफिसला रोज जायचं-यायचं, एवढंच काम. पाऊस सुरू झाला आणि ब्रेक किंचाळायला लागले. आता मेसेजमधला तिसरा मुद्दा ऐका: ‘डिस्क आवाज करत असेल तर तिच्यावर थोडं मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारा, आवाज लगेच बंद.’ दाजींनी लेकीच्या काळजीपोटीच रात्री पार्किंगमध्ये बसून दोन्ही डिस्कवर स्प्रे मारला, वर फडक्यानं पुसून घेतलं. आवाज खरंच बंद झाला.

सकाळी ती राजवाड्याच्या दिशेनं उतरत होती. ब्रेक दाबला. लिव्हर नेहमीसारखीच घट्ट लागली, पण सायकल थांबेना. यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे की हाताला काही वेगळं कळतच नाही. साध्या ब्रेकची केबल तुटली तर लिव्हर ढिली पडते, माणूस सावध होतो. इथे बोटांना सगळं ठीक वाटतं आणि चाक मात्र फिरतच राहतं. तिनं पाय घासले आणि एका बांधकामासाठी रस्त्याकडेला टाकलेल्या वाळूच्या ढिगात सायकल घातली. कोपर सोललं, बुटाची टाच उखडली, बाकी काही नाही. ताई मात्र त्या दिवसापासून ‘समोरून एसटी आली असती तर’ एवढंच बोलतेय.

संध्याकाळी मी जाऊन चाकं उतरवली, डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड बाहेर काढले. चांगल्या पॅडचा पृष्ठभाग खडूसारखा असतो, कोरडा आणि करडा. हे पॅड काळे आणि चकचकीत झाले होते. अंगठा फिरवला तर ओशट लागले. टिश्यू पेपरवर पालथे घालून ठेवले, सकाळी त्यावर पॅडच्या आकाराचे पिवळट डाग. म्हणजे तेल वरवर नव्हतं, आत मुरलं होतं. पॅडचं साहित्य सच्छिद्र असतं, ते तेल पिऊन घेतं. त्यातून ब्रेक दाबला की डिस्क तापते आणि ते तेल आणखी आत जातं.

ब्रेकचं सगळं काम घर्षणावर चालतं आणि तेलाचं काम घर्षण घालवणं. एवढी साधी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला कळू नये? माझं म्हणणं राहू द्या, सायकलचे ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या डिस्क ब्रेकबरोबर जी पुस्तिका येते ती उघडा. त्यात स्पष्ट लिहिलंय: डिस्कला तेल किंवा ग्रीस लागलं तर डिस्क साफ करा आणि पॅडला लागलं तर पॅड बदला, नाहीतर ब्रेक नीट काम करणार नाहीत. पॅड धुऊन किंवा भाजून वापरा असं त्यात म्हटलेलं नाही, बदला असंच म्हटलंय. ही पुस्तिका नव्या सायकलच्या पिशवीत असते आणि आपण ती गॅरंटी कार्डासकट कपाटात टाकतो. निदान ब्रेकचं पान तरी काढून वाचा.

मग आवाजाचं करायचं काय? पावसात ओल्या डिस्कचा आवाज येणारच. दोन-चार वेळा ब्रेक लावला, पाणी उडालं की तो बहुतेक वेळा जातो, त्याला काही करायचं नसतं. कोरड्या रस्त्यावरही किंचाळत असेल तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ कापडानं पुसा. घरातलं पोछ्याचं किंवा चेन पुसायचं फडकं नको, त्यातच तेल असतं. चेनला तेल घालताना थेंब थेंब घाला, स्प्रे मारू नका, कारण मागची डिस्क तिथून वीतभर अंतरावर असते. मग कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा चिमटा, सरळ बसलाय का बघा. त्याचे दोन बोल्ट थोडे ढिले करायचे, ब्रेक दाबून धरायचा, आणि दाबलेला असतानाच बोल्ट आलटून पालटून आवळायचे. एलन की असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तिच्या सायकलच्या बाबतीत दुकानात कुणीच केलं नव्हतं: नवे पॅड आधी डिस्कवर घासून मुरवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, पण पूर्ण थांबायचं नाही आणि चाक जाम होऊ द्यायचं नाही. असं 20 वेळा, मग थोड्या जास्त वेगातून आणखी 10 वेळा. शिमानोसारखेच ब्रेक बनवणाऱ्या स्रॅम कंपनीची पद्धत हीच आहे. यानं पॅडच्या साहित्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि ब्रेकची ताकद त्या थरावर असते. तो नीट चढला नाही की ब्रेक कमी लागतो आणि आवाजही करतो. भाचीची सायकल दुकानातून थेट ऑफिसच्या रस्त्याला लागली होती. तिच्या आवाजाचं मूळ मला तरी तिथंच दिसतं.

आता दुसरा मुद्दा, कारण तोही जिवावर बेतणारा आहे. ‘डिस्कचा पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो, म्हणून पुढचा ब्रेक ढिला ठेवा, फक्त मागचा वापरा.’ लहानपणी आपल्या सगळ्यांना हेच सांगितलं गेलं, म्हणून ते पटकन पटतं. पण ब्रेक लागला की सगळा भार पुढे सरकतो. मागचं चाक हलकं होतं, रस्ता सोडायला लागतं, आणि हलकं चाक नुसतं घसरतं. सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. माणूस उडतो तो एकदम आवळल्यामुळे आणि हात सैल ठेवून अंग पुढे गेल्यामुळे. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा थोडा जास्त, दाब हळूहळू वाढवत, कंबर मागे, हात ताठ. रिकाम्या मैदानात अर्धा तास सराव केला की येतं. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं, पूर्ण मूठ लागत नाही. जुन्या सायकलवरून आलेल्या माणसाला पहिले चार दिवस ही सवय करावी लागते, एवढं मी मान्य करतो.

यात एक खरी काळजी मेसेजमध्ये नाहीच. आपल्याकडे मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि आपल्या सायकलींनाही बहुधा तसाच. बाहेरून आलेल्या काही सायकलींना तो डाव्या हाताला जोडलेला असतो. दुकानातून निघायच्या आधी चाक उचलून कुठली लिव्हर कुठलं चाक धरते ते बघा. उलटं असेल तर तिथंच बदलून मागा. हायड्रॉलिकला ते करायला ऑईलची नळी काढून पुन्हा ब्लीड करावं लागतं, म्हणजे आत शिरलेली हवा काढून ऑईल भरावं लागतं, घरी नंतर जमत नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त गाजलाय: ‘डिस्क चाकूसारखी पाय कापते, म्हणून जागतिक संघटनेनं तिच्यावर बंदी घातली.’ हे अर्धं सांगितलेलं आहे, ते पूर्ण सांगतो. 2016च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रुबे शर्यतीत स्पेनचा फ्रान व्हेंतोसो पडला, पायाला खोल जखम झाली आणि ती डिस्कनं झाल्याचं त्यानं जाहीरपणे लिहिलं. यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या त्या जागतिक संघटनेनं, तेव्हा शर्यतींमधली डिस्कची चाचणी थांबवली, हे खरं. जखम नेमकी कशानं झाली यावर पुढे वादही झाला. पण मेसेज तिथंच थांबतो. डिस्कच्या कडा गोल करण्याची अट आली, 2017मध्ये चाचणी पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये मार्सेल किटेलनं डिस्क ब्रेकवर टप्पा जिंकला, आणि जुलै 2018पासून रोड शर्यतींमध्ये डिस्कला रीतसर परवानगी आहे. इतकी वर्षं जुनी थांबवलेली चाचणी आजची बंदी म्हणून फिरवायची, याला काय म्हणावं? शिवाय ती काळजी होती दीडशे-दोनशे सायकली एकमेकींवर कोसळण्याची. आपण साताऱ्याच्या राजपथावरून ऑफिसला जातो.

एक गोष्ट मात्र आहे. चाक उचलून हातानं फिरवताना डिस्कच्या भोकांत बोट गेलं तर ते वाईट कापतं. शिमानोची पुस्तिकाही हे बजावते. घरात लहान मूल असेल तर स्टँडवरच्या सायकलपासून लांब ठेवा. आणि यवतेश्वरचा घाट उतरून आल्यावर डिस्कला हात लावू नका, चटका बसतो.

चौथा मुद्दा हवेचा. ‘टायरवर लिहिलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याइतकी हवा भरा.’ तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढीच भरा असा त्याचा अर्थ नाही. दगडासारखा कडक टायर खडबडीत रस्त्यावर उसळतो, ओल्यात पकड सोडतो, आणि मग ब्रेक कितीही चांगला असला तरी काय उपयोग? भाची 55 किलोची, तिच्या 28च्या टायरला मी पुढे 55 आणि मागे 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवलंय. मी 72 किलोचा, माझ्या 32च्या टायरलाही जवळपास तेवढंच लागतं. फार कमी करू नका, खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून दोन भोकं पडतात.

‘मडगार्ड, कॅरिअर बसत नाही’ हा पाचवा. शर्यतीच्या सायकलला बसत नाही, मग ती डिस्कची असो वा नसो. घेताना फ्रेमला आणि फोर्कला मडगार्डच्या स्क्रूची भोकं आहेत का, एवढं बघायचं. उलट रिम ब्रेकचा, म्हणजे चाकाची कड धरणाऱ्या साध्या ब्रेकचा, चिमटा टायरच्या डोक्यावर नसल्यामुळे डिस्कच्या सायकलला रुंद टायर आणि मडगार्डला जास्त जागा मिळते. आमच्याकडच्या पावसात मला हा मोठा फायदा वाटतो. दुसरा असा, की रिम ब्रेकमध्ये ओली वाळू रिमच घासून खाते, डिस्कमध्ये फक्त पॅड आणि डिस्क झिजतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, बहुतेक शिमानो डिस्कवर 1.5 मिलिमीटर. पॅडचं साहित्य अर्ध्या मिलिमीटरवर आलं की बदला. पावसात रेझिनचे (मऊ साहित्याचे) पॅड भराभर झिजतात, धातूचे टिकतात, पण डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर धातूचे घालू नका.

सहावा, ‘दर तीन महिन्यांनी ऑईल बदलायचं, खर्च परवडत नाही’. तीन महिन्यांचा आकडा कुठून काढला देव जाणे. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागायला लागली की ब्लीड करायचं. शिमानोत मिनरल ऑईल, स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट नावाचं वेगळं ब्रेक ऑईल, आणि एकाचं दुसऱ्यात कधीही घालायचं नाही, आतली रबरं खराब होतात. डॉट हवेतली ओल शोषतं, म्हणून ते वर्षाकाठी बदललेलं बरं.

पण इथं मला थोडं मागं यावं लागतं. डिस्कची सायकल महाग असते, वजनालाही थोडी जास्त. आणि तालुक्याच्या गावात ब्लीड करणारा मेकॅनिक मिळणं अजूनही कठीण आहे. तुमच्या जवळ तसा कुणी नसेल आणि स्वतः शिकायची तयारी नसेल, तर केबलवर चालणारी डिस्क घ्या, ती कुणालाही दुरुस्त करता येते. तिच्यातल्या साध्या कॅलिपरमध्ये एकच बाजू हलते, त्यामुळे पॅड झिजतील तसा स्क्रू फिरवून जवळ आणावा लागतो. सपाट गावात, कोरड्या रस्त्यावर चालवणाऱ्याला तर साधा रिम ब्रेकही पुरतो. मेसेजवाल्यानं एवढंच लिहिलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

सातवा, ‘सायकल उलटी केली की ऑईल गळून ब्रेक बाद’. गळत नाही. लिव्हरमधल्या ऑईलच्या टाकीतली हवा नळीत शिरू शकते, म्हणून सरळ केल्यावर निघण्याआधी लिव्हर पाच-सहा वेळा दाबून घट्ट लागते का बघा. चाक काढलेलं असताना मात्र लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. प्रवासात दोन पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला.

दाजींना हे सगळं मी शांतपणे सांगितलं. त्यांनी घरच्या ग्रुपवरचा मेसेज काढला आणि ज्यांनी त्यांना पाठवला होता त्यांनाही फोन केला. दोन्ही डिस्क मी तीनदा अल्कोहोलनं पुसल्या, कापड पांढरं राहीपर्यंत. नवे पॅड परवा आले. रविवारी सकाळी सहाला भाची, मी आणि दाजी गोडोलीकडच्या सपाट रस्त्यावर जाणार आहोत, ती 20 वेळा ब्रेक लावेल आणि दाजी मोजतील.