तीन मिनिटं मागा, पण ‘ऐनवेळचे विषय’ आधी बंद करा

संभाजीनगर असो की नांदेड, महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत नागरिकांनाही बोलू द्या, अशी मागणी अधूनमधून होते. दाखला बहुधा अमेरिकेचा असतो: तिथे म्हणे कुणीही उठून नगरपरिषदेसमोर तीन मिनिटं बोलतो. बोलतो, खरंय. पण त्या बोलण्याला वजन कशानं येतं, ते सहसा कुणी सांगत नाही.

इकडे कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांच्या सभा लोकांसाठी खुल्या ठेवणारा १९५३चा ब्राउन कायदा आहे. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. खरंच तातडीचं काही नंतर उपटलंच, तर ते तातडीचं आहे हे आधी दोन तृतीयांश मतांनी ठरवावं लागतं. आपल्याकडे सभा संपत आली की ‘ऐनवेळचे विषय’ निघतात आणि जागेचे नाहीतर ठेक्याचे ठराव ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पार होतात. जो विषय पत्रिकेतच नाही, त्यावर नागरिक बोलणार काय, कपाळ?

कॅलिफोर्नियातली माइकची व्यवस्था साधी असते. दाराशी चिठ्ठी भरायची, विषयाचा क्रमांक लिहायचा. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. बऱ्याच ठिकाणी हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. लाल लागला की थांबायचं. दुभाष्या लागणाऱ्याला दुप्पट वेळ. साठ चिठ्ठ्या आल्या की तीन मिनिटांप्रमाणे तीन तास होतात, म्हणून महापौर सगळ्यांनाच एकेक मिनिट देतात. मुख्य म्हणजे हे बोलणं मतदानाच्या आधी होतं आणि ऐकणारेच मत देतात.

तरी इथलं सगळं गोड नाही. रात्री अकराला विषय निघतो, तोवर लेकरंबाळं असलेले, सकाळच्या पाळीचे घरी गेलेले असतात. उरतात ते दर सभेला येणारे नेहमीचेच, बरेचसे घरमालक. तोच घोळका ‘जनमत’ ठरतो.

आपल्या कायद्यात ऐकून घ्यायची सोय नाही असं मुळीच नाही. १९६६च्या नगररचना कायद्यात प्रारूप विकास आराखड्यावर हरकती मागवून नियोजन समितीनं सुनावणी घ्यायची असते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. गडबड होते ती वेळापत्रकात. शंभर जणांना एकाच दिवशी अकरा वाजता बोलावलं, की पैठणहून आलेला माणूस दुपारपर्यंत ताटकळतो आणि नंबर लागल्यावर ‘लेखी दिलंय ना? मग झालं’ एवढंच ऐकतो. त्यापेक्षा आरक्षण क्रमांकानुसार, म्हणजे आराखड्यात शाळा, उद्यान अशा कामांसाठी राखलेल्या जागेच्या क्रमांकानुसार, गट पाडावेत, दर अर्ध्या तासाला दहा हरकती घ्याव्यात, नकाशाचा तो भाग पडद्यावर लावावा. गट नंबर आणि आरक्षण क्रमांक हरकतीच्या पहिल्याच ओळीत असला, तर तीन मिनिटं पुरतात. नसला, तर कागद शोधण्यातच दोन जातात.

सभागृहातल्या माइकची सुरुवात प्रभाग समितीपासून करावी. पाणी किती दिवसांआड येतं, टँकर कुठल्या गल्लीत शिरत नाही, हे तिथं बोलायचे विषय आहेत. पण चिठ्ठीची पेटी ठेवण्याआधी पत्रिका तीन दिवस फलकावर लागली पाहिजे, मराठीत, आणि प्रत्येक विषयाखाली रक्कम लिहून.