जळक्या बसमधलं वाचन

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. गेली सहा वर्षं उत्तर मोझांबिकमध्ये, नांपुलाजवळच्या एका काजू कारखान्यात आहे. आमच्याकडे काजूगराची सालं काढणाऱ्या एका बाईचा मुलगा मागच्या महिन्यात तिच्यासोबत आला होता. तिसरीतला. त्याने दप्तरातून पुस्तक काढलं आणि पोर्तुगीज धडा मला न अडखळता वाचून दाखवला. मी विचारलं, "काय लिहिलंय यात?" पोरगा पुस्तकाकडे बघत राहिला. आईने तेच माखुवात विचारलं, तरी गप्प. घरी, विहिरीवर, खेळताना त्याची भाषा माखुवा, फळ्यावरची पोर्तुगीज. वाचता येत होतं, कळत नव्हतं.

इकडे फोनवर आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये अजून पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद निघतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली, ओरड झाली, आणि जूनच्या अखेरीस निर्णय मागे घेतला. तो मागे घेतला हे योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. पण त्या पोराला ऐकल्यापासून मला वाटतं की आपण वाद अर्ध्यावर सोडला.

इथल्या मिया कोतो या लेखकामुळे हे मला नीट उमगलं. १९५५ मध्ये बैरा या बंदरात जन्म, आईवडील पोर्तुगालहून आलेले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून स्वातंत्र्याच्या काळात पत्रकारिता केली, मग जीवशास्त्र शिकला. २०१३ मध्ये त्याला पोर्तुगीज साहित्यातला सर्वोच्च मानला जाणारा कामोंइश पुरस्कार मिळाला. पण मला तो आवडतो तो १९९२ च्या 'तेरा सोनांबुला' म्हणजे 'झोपेत चालणारी भूमी' या कादंबरीमुळे. यादवी युद्ध चालू आहे. एक म्हातारा आणि एक मुलगा रस्त्यावरच्या जळून गेलेल्या बसमध्ये आसरा घेतात. तिथे एका प्रेताशेजारी त्यांना वह्या सापडतात. म्हाताऱ्याला वाचता येत नाही, म्हणून मुलगा रोज रात्री त्याला वाचून दाखवतो. जळक्या पत्र्याच्या त्या डब्यात त्या वाचनावर दोघं तगून राहतात. (त्या वह्यांमध्ये सुरेंद्र वाला नावाचा भारतीय दुकानदार आहे. तो एका आफ्रिकन पोराला सांगतो की आपण दोघं एकाच जातीचे, हिंदी महासागराचे. समुद्रकाठच्या माणसाला हे वाक्य थेट भिडतं.)

कोतोची पोर्तुगीज लिस्बनची नाही. तो शब्द मोडतो, जोडतो. युद्धानंतरच्या त्याच्या १९९४ च्या कथासंग्रहाच्या नावात 'आशीर्वाद लाभलेल्या' आणि 'स्वप्नात पाहिलेल्या' हे दोन शब्द एकमेकांत मिसळून एकच झालेत. पोर्तुगीज ही इथे राज्य करून गेलेल्यांची भाषा. अनेकांना वाटतं, सत्ताधाऱ्यांची भाषा अशी आपलीशी करता येते, मग मातृभाषेचा एवढा हट्ट कशाला? मला हे पटत नाही. कोतोला पोर्तुगीज आईच्या दुधाबरोबर मिळाली. म्हणून तर तो तिच्याशी इतका बिनधास्त खेळू शकला. या देशात जेमतेम सहातला एक जण पोर्तुगीज ही आपली मातृभाषा सांगतो. उरलेल्यांची मुलं शाळेत भाषेशी खेळत नाहीत, ती नकलून काढतात.

२००५ मध्ये इथल्या राजधानीत, मापुतोत, विद्यार्थ्यांसमोर बोलताना कोतोने सात मळक्या बुटांची गोष्ट सांगितली. आधुनिक जगाच्या उंबऱ्याबाहेर आपण काय काय काढून ठेवायला हवं, त्याची. त्यातला चौथा बूट म्हणजे शब्द बदलले की वास्तव बदलतं हा समज. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही इथे भरून आलं होतं. पण त्या दर्जाने गावातली मराठी शाळा भरलेली राहत नाही. माझी पुतणी सावंतवाडीला इंग्रजी माध्यमात आहे. सुट्टीत गेलो तेव्हा तिने बर्फावरची कविता घडाघडा म्हणून दाखवली, आणि अर्थ विचारल्यावर तिचं तोंड अगदी या पोरासारखंच झालं. हिंदीविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो ते बरंच केलं; पण इंग्रजीच्या बालवाडीपुढे आपणच रांग लावतो, त्याबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

इथे काही शाळांमध्ये गेली वीसेक वर्षं पहिले वर्ग स्थानिक भाषेत चालवतात. मी त्या बाईला म्हटलं, असा वर्ग असलेली शाळा बघ. ती म्हणाली, "माखुवा तर त्याला घरी येतेच. नोकरी पोर्तुगीजवर मिळते." भावाचं उत्तरही अगदी हेच होतं, "मराठी काय, घरात येतेच की." त्या बाईला मी दोष देणार नाही, तिने गरिबी पाहिली आहे. भावाशी मात्र मी भांडलो आणि पुन्हा भांडेन.

पोरगा जायला निघाला तेव्हा माझ्या मोडक्या माखुवात मी त्याला विचारलं, वाटेत काय दिसलं? त्याने दप्तर खाली टाकलं. साप दिसला होता. तो किती लांब होता, कोंबडीची पिल्लं कशी पळाली, आजोबा कसे ओरडले, सगळं हातवारे करून, मधेच आजोबांचा आवाज काढून तो सांगत सुटला. आई पोर्तुगीजमध्ये मला समजावून सांगता सांगता मागे पडत होती, आणि तो काही थांबायला तयार नव्हता.