किडनी बसली, आता तुम्ही उठा

अभिनंदन! ट्रान्सप्लांटची किडनी बसली, लघवी सुरू झाली, डिस्चार्ज कार्ड हातात आलं. आता तुमच्यावर एकच जबाबदारी उरली, ती म्हणजे लवकर बरं होण्याची. किती लवकर, हे किडनीच्या डॉक्टरांना, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टना, विचारू नका. ते 'पहिले तीन महिने जपा, मग बघू' असं गुळमुळीत बोलतात. ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांना विचारा. सोसायटीचे सेक्रेटरी सांगतील, पंधरा दिवस. एचआर सांगेल, सहा आठवडे. मेडिक्लेमवाल्यांनी तर पॉलिसीत छापूनच ठेवलंय: बहुतेक ठिकाणी डिस्चार्जनंतर 60 दिवस, पॉलिसी दिलदार असेल तर 90. त्यानंतर, त्यांच्या मते, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबून नवी किडनी टिकवणाऱ्या औषधांची गरज संपते. किडनी चालते तोवर ती औषधं घ्यावी लागतात, हा तिचा आणि तुमचा घरगुती मामला.

त्या 60 दिवसांतलं प्रत्येक बिल मात्र प्रिस्क्रिप्शनच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. नुसतं बिल म्हणजे कंपनीच्या लेखी तुम्ही हौसेनं घेतलेल्या गोळ्या. आणि किडनी देणारी बहीण त्याच घरात आपले टाके सांभाळत असेल, तर तिचं ऑपरेशन सहसा पॉलिसीत बसतं, पण नंतरच्या तपासण्या बहुधा नाही. दान म्हटल्यावर हिशेब कसला मागायचा!

बरं दिसण्याचं काम प्रेडनिसोलोन, म्हणजे रोजची स्टेरॉइडची गोळी, परस्पर उरकून टाकतं. महिनाभरात गाल वर येतात, भूक खवळते, वजन चढतं. ठाण्यात गोखले रोडवर भेटेल तो म्हणेल, 'वा, तब्येत सुधारली की!' आत हिमोग्लोबिन अजून दहाच्या खाली, मांड्यांतलं बळ गेलेलं, एक जिना चढला की धाप. पण गालांपुढे या पुराव्यांचं काही चालत नाही. रजा, मदत, सवलत मागायला जाताना हा चेहरा घरी ठेवून जा.

भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणू नका. कुणी शहाळं आणेल. टॅक्रोलिमसनं रक्तातलं पोटॅशियम आधीच चढलेलं असतं, त्यात शहाळ्याची भर पडली की ईसीजीवाल्यालाही काम मिळतं. कुणी पपनस आणेल. ते आणि टॅक्रोलिमस एकत्र आले की औषधाची लेव्हल चढते आणि नवी किडनीच त्यात पोळते. एखाद्या मावशी गुळवेलीचा काढा आणतील, 'प्रतिकारशक्ती वाढते हो'. जी दाबून ठेवण्यासाठी महिन्याला एवढं बिल भरताय, ती मावशी फुकटात वाढवून देतायत. पाहुणे पांगले की गॅलरीतली कबुतराची विष्ठा तुम्हीच झाडा, तीही कोरडी. तिच्यातली बुरशी फुप्फुसात जाते, म्हणून हे काम घरात दुसऱ्या कुणीतरी पाणी मारून करायचं असतं. पण तुम्ही आता बरे झालात ना? मग भरलेला सिलिंडरही तुम्हीच उचला. आत गॅस 14.2 किलो, वर लोखंड साधारण तेवढंच. पहिले दोन महिने चार-पाच किलोंच्या वर उचलू नये म्हणतात, कारण आतले टाके अजून कच्चे असतात आणि तिथे हर्निया व्हायला वेळ लागत नाही.

डीजे लवकर विसरा. ठाण्यात डीजे म्हटलं की विसर्जन आठवतं. हा डीजे म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवलेली बारीक नळी, डीजे स्टेंट. साधारण चार ते सहा आठवड्यांनी ती दुर्बिणीतून काढतात. तारीख डिस्चार्ज कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात असते, म्हणूनच ती विसरायला सोपी. राहिली आत, तर तिच्यावर क्षार चढतात, जंतुसंसर्ग होतो आणि पाच मिनिटांच्या कामाचं ऑपरेशन होतं.

आता लेव्हल, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे त्याची तपासणी. रात्री 8 ला त्याची गोळी घेतली असेल तर सकाळी 8 च्या सुमारास रक्त द्यायचं, सकाळची गोळी खिशात ठेवायची आणि रक्त दिल्यावरच तोंडात टाकायची. पण तुम्ही शिस्तीचे. उठल्याबरोबर गोळी घ्या, मग लॅबच्या रांगेत बसा. गोळीनंतर एक ते तीन तासांत रक्तातलं औषध शिखरावर असतं. त्यामुळे एरवी 9 आली असती ती लेव्हल 18 येईल. डॉक्टर घाबरून डोस निम्मा करतील, खरी लेव्हल साडेचारवर उतरेल आणि शरीराच्या लक्षात येईल की घरात कुणी परकं राहतंय. मग क्रिएटिनिन (किडनीनं गाळायचा रक्तातला कचरा) चढणं, मग बायोप्सी, मग तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड. एवढं सगळं एका शिस्तीच्या गोळीमुळे. रक्त घेणाऱ्याला 'शेवटची गोळी रात्री 8 ला' हे फॉर्मवर लिहायला लावलंत तर ही सगळी मजा जाईल, तेव्हा लावू नका.

याच धर्तीवर, घसा धरला की नाक्यावरच्या केमिस्टकडून क्लॅरिथ्रोमायसिन घ्या, नायटा झाला की फ्लुकोनाझोल. दोन्हींनी लेव्हल चढते. कंबर दुखली तर डायक्लोफेनॅक, ते थेट किडनीवर. जुलाब झाले तर औषध वाहून गेलं असं समजून जास्तीची गोळी घ्या. प्रत्यक्षात जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल उलट वाढते. केमिस्टनं 'तेच आहे, फक्त कंपनी वेगळी' म्हणत पट्टी बदलली तर डॉक्टरांना सांगून आठवड्यात पुन्हा लेव्हल करायची असते. सांगू नका, त्यांना इतर पेशंट आहेत.

लोकलचंही लवकर सुरू करा. नवी किडनी पाठीत नसते, बहुधा उजव्या जांघेच्या वर, पोटात पुढच्या बाजूला असते. म्हणजे सकाळी 8.40 ला ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर समोरच्याची बॅग जिथे लागते, नेमकी तिथे. पँटचा पट्टाही तिथेच येतो.

एवढं झाल्यावर पैशांची काळजी. ती करायला भरपूर वेळ आहे, कारण रात्री झोप नाही. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर न घेता संध्याकाळी घेत असाल तर मुळीच नाही.

सरकारला 21 हा आकडा फार प्रिय, बाप्पाच्या दुर्वांइतका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व मोजलंय. त्यात किडनी नाही. जुनी दोन्ही बंद, तिसरी उधारीवर, तरी तुम्ही धडधाकट. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रांग लावू नका, तेवढ्या वेळात लेव्हल होऊन येईल.

दुसरे 21 म्हणजे 21,000. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात तुमचा पगार महिन्याला एवढ्याच्या आत असेल तर ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, छत्र असतं. इथे एक गोष्ट कुणाला कळू देऊ नका. आजारपणाचा साधा भत्ता वर्षात 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. तो संपला की बहुतेक लोक राजीनामा देतात, आणि ते कंपनीच्या फारच सोयीचं असतं. पण दीर्घ आजारांची एक 34 ची यादी आहे, तिच्यात क्रॉनिक रीनल फेल्युअर, म्हणजे किडनी कायमची निकामी होणं, आहे. त्याखाली विस्तारित भत्ता मिळतो, 80 टक्के, टप्प्याटप्प्यानं वाढत दोन वर्षांपर्यंत. अट अशी की सलग दोन वर्षं नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी-काळांत (सहा-सहा महिन्यांच्या) मिळून किमान 156 दिवसांची वर्गणी. राजीनामा दिलात की हे दारच बंद होण्याची भीती. म्हणून तो आधी द्या, माहिती नंतर काढा.

सर्टिफिकेटमध्येही खाडा ठेवा. एक 12 तारखेला संपलं आणि पुढचं 15 पासून निघालं की मधले दोन दिवस बिनपगारी. आणि डॉक्टरांना 'ट्रान्सप्लांट यशस्वी, क्रिएटिनिन 1.2' एवढंच लिहू द्या. खिडकीतला माणूस म्हणेल, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग रजा कसली? 'क्रॉनिक रीनल फेल्युअर, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, अमुक तारखेपर्यंत कामास अयोग्य' असं लिहून घेतलं तर त्याला बोलायला जागा उरत नाही, बिचाऱ्याला.

तिसरे 21 सर्वांत गोड. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं, महिन्याचं नव्हे, वर्षाचं. म्हणजे महिन्याला 1,750 मध्ये घर चालवून दाखवायचं. जमलं तर दाखला तहसील कार्यालयातून. तिथल्या शेजाराला मामलेदारची मिसळ, तिचं नावच त्या कचेरीवरून पडलेलं. पहिले काही महिने बाहेरचं खाणं, कच्चा कांदा, रस्त्यावरचं पाणी बंद. तेव्हा रांगेत उभे राहा, तर्रीचा वास घ्या, मास्क मात्र काढू नका.

आयकरवाल्यांना तुमची आठवण आहे. आयकर कायद्यात (1961 च्या कायद्यात हे कलम 80 डीडीबी) क्रॉनिक रीनल फेल्युअरच्या खर्चाची 40,000 पर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना एक लाख. तीही जुनी करपद्धत निवडली असेल तरच, आणि विम्यानं दिलेले पैसे त्यातून वजा करून. 40,000 परत मिळतात असा समज असेल तर तो तसाच ठेवा, झोपेला बरा.

एवढ्या सगळ्या फॉर्मांवर सही लागते. टॅक्रोलिमसनं हात थरथरतो, विशेषतः लेव्हल चढलेली असताना. त्यामुळे तुमची सही नागमोडी येणार, बँक 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत पाठवणार, आणि पुढचं सगळं तिथेच अडणार. घाबरू नका. सही बदलून घेण्याचा अर्ज असतो. तो भरायचा, फोटो चिकटवायचा आणि खाली सही करायची. जुनी.